लेकीनं वकील व्हावं, पण चळवळीत जाऊ नये?

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. सोलापूर जिल्ह्यात राहते. माझं मूल बारावी कला शाखेत 64 टक्क्यांनी पास झालं. दोन वर्षांपूर्वी त्यानं आम्हाला सांगितलं की तो मुलगी आहे. घरात खूप रडारड झाली, पण आता आम्ही तिला लेक म्हणूनच सांभाळतो. तिनं नुकती अठरा पूर्ण केली. ती म्हणते वकील व्हायचं. तृतीयपंथीयांच्या एका संस्थेच्या बैठकांना जाते, एकदा मोर्चालाही गेली. मला वाटतं तिनं गुपचूप शिकावं, नोकरी धरावी, या भानगडीत पडू नये. आणि वकील झाली तरी तिला काम कोण देणार?
— एक आई

उत्तर :

ताई, तुमची लेक बारावीपर्यंत पोचली ती घर पाठीशी होतं म्हणून. तिच्यासारख्या कितीतरी मुलांची शाळा आठवी-नववीतच सुटते, कारण आधी घर सुटलेलं असतं. त्यामुळे सगळ्यात अवघड काम तुम्ही केलेलं आहे. पुढचं मात्र मी तुमच्या मनासारखं लिहिणार नाही. बैठकांना जाऊ नको असं तिला सांगू नका.

गुपचूप शिकून गुपचूप नोकरी धरण्याची वाट तिच्यासाठी आहे असं तुम्हाला वाटतं. ती वाट जेवढी काही आहे, तेवढी बैठका आणि मोर्चे करणाऱ्यांनीच पाडलेली आहे. 15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. त्या खटल्यात लोकांना मोफत कायदेशीर मदत देणारं राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण होतं, तसे समाजातले लोकही होते, मुंबईच्या गौरी सावंत त्यांतल्याच. पुढे 2018 मध्ये लोकसभेनं मंजूर केलेल्या ट्रान्सजेंडर व्यक्तींविषयीच्या विधेयकात ओळख प्रमाणपत्रासाठी प्रत्येक जिल्ह्यात तपासणी समिती नेमून तिच्यापुढं जायचं होतं, आणि भीक मागायला लावणं हा गुन्हा ठरवताना तृतीयपंथीयांचे डेरे, म्हणजे एकत्र राहण्याची घरं, आणि तिथले गुरूच अडचणीत येतील अशी भीती होती. देशभर लोक रस्त्यावर आले. 2019 च्या कायद्यातून त्या दोन्ही गोष्टी गेल्या. कायदा अजूनही अपुरा आहे. त्यात आरक्षण नाही, आणि ट्रान्सजेंडर व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला 2019 मध्ये जास्तीत जास्त दोनच वर्षांची शिक्षा ठेवली गेली, ही मला अन्यायाची गोष्ट वाटते. पण जेवढं मिळालं तेवढं घरी बसून कुणालाच मिळालेलं नाही.

आपल्या राज्यातलंच पाहा. 2022 मध्ये पोलीस शिपाई भरतीच्या अर्जात स्त्री आणि पुरुष एवढेच दोन रकाने होते. आर्या पुजारी आणि निकिता मुख्यदल या दोघी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे ज्याला सगळे ‘मॅट’ म्हणतात तिथं गेल्या. मॅटनं त्यांच्या बाजूनं आदेश दिला, सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं. नियम करणार नसाल तर भरतीच थांबवू, असं न्यायालयानं सुनावल्यावर डिसेंबर 2022 मध्ये सरकारनं तिसरा रकाना देण्याचं मान्य केलं. जळगाव जिल्ह्यातल्या ट्रान्सजेंडर उमेदवार अंजली पाटील यांचा ग्रामपंचायतीसाठी स्त्री राखीव जागेवरचा अर्ज बाद झाला होता. जानेवारी 2021 मध्ये औरंगाबाद खंडपीठानं तो ग्राह्य धरला, त्या निवडणूक लढल्या आणि जिंकल्याही. या प्रत्येक प्रकरणात कुणीतरी वकील उभा होता. तुमची लेक ज्या कामाचं स्वप्न बघते, ते हेच.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, कारण तो पोटाचा आहे. वकिलीची पहिली चार-पाच वर्षं हाती फार कमी पैसा येतो, हे कुणाच्याही लेकरासाठी खरं आहे. सीनियरच्या हाताखाली काढावी लागतात. तिला अशील मिळायला आणखी उशीर लागू शकतो, हेही मी लपवणार नाही. पण ट्रान्सजेंडर असलेल्या सत्यश्री शर्मिला 2018 मध्ये तमिळनाडूत आणि पद्मा लक्ष्मी 2023 मध्ये केरळात वकील झाल्या. त्यांच्यासारख्याच नागपूरच्या विद्या कांबळे लोकअदालतीच्या पॅनेलवर बसल्या. शिवाय वकिली म्हणजे फक्त काळा कोट नव्हे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण विधी स्वयंसेवक नेमतं, त्यांना प्रशिक्षण देतं आणि कामाच्या दिवसाचं मानधनही देतं. हे काम पदवीच्या आधीच करता येतं, आणि तिनं ते जरूर करावं. अर्ज कसा लिहायचा, पोच कशी घ्यायची, कोणत्या टेबलावर फाईल अडते, हे तिथं कळतं. नंतर प्राधिकरणाच्या वकील पॅनेलवर जाता येतं, संस्थांमध्ये कायदा सल्लागार होता येतं.

प्रवेशाचं सांगते. 64 टक्के पुरेसे आहेत, खुल्या प्रवर्गालाही पाच वर्षांच्या बीए एलएलबीला 45 टक्केच लागतात. राज्याच्या सीईटी सेलची विधी प्रवेश परीक्षा द्यायची. पदवीनंतर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, आणि अखिल भारतीय बार परीक्षा. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश जमला नाही तर आधी बीए करून तीन वर्षांचं एलएलबी, त्यात काही बिघडत नाही. घर आणि खर्च बघता सोलापुरातच शिकणं मला जास्त बरं वाटतं, पण वर्गातला त्रास फार झाला तर पुण्याचा विचार ठेवा.

त्याआधी कागदपत्रं. इथं हयगय करू नका. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव आणि सनदेवर दुसरं असं झालं की पुढं प्रत्येक खिडकीवर तिला स्वतःची गोष्ट सांगत बसावं लागेल. केंद्राच्या ट्रान्सजेंडर पोर्टलवरून जिल्हाधिकाऱ्यांकडे ओळखपत्राचा अर्ज जातो. 2020 च्या नियमांत तीस दिवसांत प्रमाणपत्र द्यायचं होतं आणि वैद्यकीय तपासणीची अट नव्हती. नियम बदलतात, म्हणून अर्जाच्या दिवशी लागू असलेला नियम पोर्टलवरच वाचून घ्या. मग नावबदलाचं राजपत्र, आधार, आणि त्यानंतर बोर्डाकडे गुणपत्रिकेतल्या दुरुस्तीचा अर्ज. हे सगळं ज्यांनी आधी केलंय ते लोक त्या संस्थेतच भेटतील. एकट्या मुलीचा अर्ज महिनोन्महिने पडून राहतो. पाच जणी मिळून गेल्या की साहेब निदान बघतात.

महाविद्यालयात गेल्यावर भेदभाव झाला तर 2019 च्या कायद्यानं तो करायला मनाई आहे. यूजीसीच्या रॅगिंगविरोधी नियमांतही 2016 पासून ट्रान्सजेंडर ओळखीवरून छळणं हे रॅगिंगच धरलं जातं. तक्रार लेखी करायची, तारीख टाकायची, पोच घ्यायची. नोकरीतही तसंच. एका ट्रान्सजेंडर शिक्षिकेला दोन शाळांनी नाकारलं होतं. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिला भरपाई दिली आणि समान संधीचं धोरण तयार करायला निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांची समिती नेमली.

एक अट मात्र तुम्ही तिला घाला, आणि ती रास्त आहे : परीक्षेच्या महिन्यात बैठक नाही. संस्थेतल्या मोठ्या मंडळींना तुम्ही स्वतः एकदा जाऊन भेटा. तिथं कोण आहे, काय काम चालतं, हे डोळ्यांनी पाहिलंत की निम्मी धास्ती कमी होईल. जमलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयातही दोघी मिळूनच जा आणि स्वयंसेवकांची पुढची निवड कधी आहे ते विचारून या.