बाबांचे अर्धवट राहिलेले लंबकाचे घड्याळ कसे पूर्ण करावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांना जुन्या वस्तू पुन्हा चालत्या करायचा नाद होता आणि घरातल्या प्रत्येकासाठी त्यांनी काहीतरी दुरुस्त करून ठेवले आहे. ते गेले तेव्हा पणजोबांचे अमेरिकी कंपनी अ‍ॅन्सोनियाचे भिंतीवरचे घड्याळ टेबलावर अर्धे उघडलेले राहिले. वर्षश्राद्धाला त्याचे टोले घरात ऐकू यावेत, अशी आईची इच्छा आहे. हे घरी जमेल का?

बरेचसे जमेल. पण आधी दोन दिवस कशालाही हात लावू नका, फक्त फोटो काढा. टेबलाचा वरून एक, प्रत्येक डबीचा एक, यंत्राचे सर्व बाजूंनी. काडेपेटीत वेगळे ठेवलेले स्क्रू, कागदात गुंडाळलेली पिन, पट्टीवर पेन्सिलीने केलेली खूण, ही सगळी त्यांची भाषा आहे. कुठपर्यंत पोचलो आणि पुढे काय करायचे, हे त्यांनी त्या मांडणीत लिहून ठेवले आहे. डब्या एकत्र केल्या की ते पुसले जाईल.

मग स्प्रिंग पाहा. या घड्याळात बहुधा दोन उघड्या स्प्रिंगा असतील, साधारण 19 मिमी रुंद: उजवीकडची चालीची (काटे फिरवणारी), डावीकडची टोल्यांची. चाकांना दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या प्लेटांचे नट सैल केलेले असले, तरी स्प्रिंगा उतरवलेल्या आहेतच असे धरू नका. ताणातली स्प्रिंग प्लेट उघडताच सुटते, चाकांचे दात मोडते, बोटे फाडते. आधी नट पुन्हा आवळा. जाड हातमोजा घाला, चावी घट्ट धरा, किल्ली देण्याच्या दिशेने किंचित फिरवून खिट्टी (स्प्रिंग उलटी सुटू न देणारा अडसर) उचला आणि अर्धा अर्धा फेरा सोडत जा. प्रत्येक वेळी खिट्टी परत बसू द्या. अर्धवट उतरल्यावर स्प्रिंगेभोवती जाड तारेचे कडे अडकवले, की ती पसरत नाही आणि नंतर बसवणे सोपे जाते.

यंत्र सुटे करताना चालीची चाके एका डब्यात, टोल्यांची दुसऱ्यात. ती दिसायला सारखी असतात आणि चुकीच्या जागी जवळजवळ बसतातसुद्धा, तीच फसगत आहे.

आता स्वच्छता. आपल्याकडे पितळ दिसले की हात चिंचेकडे जातो. इथे चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर काहीही नको. आम्लाने पितळातले जस्त निघून त्यावर गुलाबी छटा येते, चाकांचे पोलादी आस (दांडे) गंजतात आणि पावडरीचे कण छिद्रांत बसून आस खात राहतात. शिवाय जुने कारागीर मागच्या प्लेटवर टोकदार सुईने दुरुस्तीची तारीख कोरत. कदाचित तुमच्या बाबांनीही कोरली असेल. घासून ती घालवू नका. चाके रॉकेलमध्ये तासभर भिजवून मऊ ब्रशने धुवा, मग व्हाइट पेट्रोलने खळबळून काढा. हे काम उघड्यावर, गॅस आणि देवासमोरच्या दिव्यापासून दूर करा. प्लेटमधल्या प्रत्येक छिद्रात टोक काढलेली बांबूची काडी फिरवा. ती काळी निघायची थांबेपर्यंत नवी घेत जा. घड्याळ बंद पडण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते: वाळलेले तेल.

दुसरे कारण झिजलेली छिद्रे. चाक पुढे-मागे हलवताना आसाचे टोक छिद्रात आडवे उडी मारत असेल, तर छिद्र लांबट झाले आहे. तिथे नवे बुश, म्हणजे छिद्रात बसणारी छोटी नळी, बसवावे लागते. हे आणि वाकलेला आस सरळ करणे, ही दोन कामे मात्र लेथ असलेल्या जुन्या घड्याळजीकडे द्या, फक्त सुटी प्लेट आणि तेवढेच चाक. आस मोडला तर मूळ सुटा भाग नव्याने मिळत नाही: कंपनीने 1929 मध्ये आपली यंत्रसामग्री सोव्हिएत संघाला विकली. मग भंगारातल्या तशाच घड्याळातून भाग शोधावा लागतो. स्प्रिंग तुटली असेल, तर जुनीची रुंदी, जाडी, लांबी मोजूनच नवी आणा. जाड घातली तर झीज वाढते.

जोडताना घाई नको. खांब असलेली प्लेट खाली ठेवा, चाके उभी करा, वरची प्लेट टेकवा आणि जाड आसांच्या बाजूने सुरुवात करून चिमट्याने एकेक टोक छिद्रात सरकवा. प्लेट दाबायची नाही. बारीक आस दाबाने लगेच वाकतो. तेल घड्याळाचेच घ्या. खोबरेल थंडीत गोठते, शिलाई मशीनचे पसरून निघून जाते. थेंब आसाच्या टोकाशी असलेल्या वाटीत, अर्धी भरेल इतकाच. चाकांच्या दातांना तेल लावायचे नाही. धूळ चिकटून त्याचाच सॅंडपेपर होतो.

लंबक लावला की कानाने काम. टिक आणि टॉकमधले अंतर समान हवे. नसेल, तर केसचे (घड्याळाच्या लाकडी पेटीचे) खालचे टोक डावी-उजवीकडे सरकवून समान ठोका शोधा. ज्या बाजूला सरकवल्यावर तो जमला, त्याच बाजूला लंबकाला धक्का देणारी तार किंचित वाकवा आणि केस पुन्हा सरळ करा. बहुतेक लोक इथेच हरतात आणि यंत्राला दोष देतात. वेळ लंबकाखालच्या नटाने जुळवायची: वर घेतला की घड्याळ पुढे जाते. साधारण 25 सेंमी लंबकात 1 मिमीचा फरक म्हणजे दिवसाला जवळपास तीन मिनिटे, तेव्हा अर्धाच फेरा द्या आणि दिवसभर थांबा.

टोले चुकीचे पडत असतील तर घाबरू नका. ज्या घड्याळात कडेला खाचा असलेले चाक टोले मोजते, त्यात टोल्यांची मोजणी काट्यांवर अवलंबून नसते. टोल्यांची कळ हाताने उचलून आकडा जुळेपर्यंत वाजवत जा. अर्ध्याचा एक टोला धरून बारा तासांत 90 टोले. काटे मात्र उलटे फिरवू नका.

लाकडाला सॅंडपेपर लावू नका. किंचित ओलसर फडक्याने पुसा आणि वाळल्यावर मेणाचा पातळ हात द्या. कागदी तबकडीला पाणी अजिबात नको. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर घड्याळ टांगू नका.

केसच्या आत एक चिठ्ठी चिकटवण्याऐवजी पाकिटात ठेवा, कारण डिंक लाकूड खराब करतो. पेन्सिलीने लिहा: बाबांचे नाव, त्यांनी कोणती कामे केली, कुठे थांबले, तुम्ही काय केले, कोणते तेल घातले, तारीख. बदललेली जुनी स्प्रिंगही त्याच पाकिटाशेजारी तेलाचा हात फिरवून ठेवा. दर आठवड्याला एकाच वारी दोन्ही चाव्या द्यायच्या. तो वार आईंना ठरवू द्या.