एसी बसवायला भरवशाचा माणूस कसा ओळखायचा?

तुम्ही लिहिलंय की नागपुरात वरच्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय, दोन बेडरूमना स्प्लिट एसी लावायचे आहेत, आणि कंपनीचा माणूस बोलवावा की ओळखीतला मेकॅनिक हे ठरत नाहीये. मी आयटीआयला रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा ट्रेड केला आणि तेव्हापासून याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कंपनीचा की बाहेरचा, हा मुद्दा माझ्या मते दुय्यम आहे. कंपनीच्या नावाने येणारा मुलगाही बऱ्याचदा एखाद्या स्थानिक एजन्सीचाच असतो. तुम्ही एवढंच बघा, हा माणूस मोजून काम करतो की अंदाजाने.

याचा पहिला अंदाज तुम्हाला फोनवरच येतो. खोली केवढी, वर गच्ची आहे का, पश्चिमेची भिंत कोणती, आउटडोअर (एसीचा बाहेर बसणारा भाग) कुठे ठेवणार, यातलं काहीच न विचारता जो "दीड टन घ्या, बिनधास्त" म्हणतो, त्याला सोडून द्या. एक टन म्हणजे ताशी 12,000 बीटीयू उष्णता खेचायची ताकद, आणि ती मोजतात बाहेर 35 अंश धरून. आपल्याकडे नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, पारा 45 च्या वर गेला की त्याच मशीनची ताकद कमी पडते. त्यात तुमच्या डोक्यावर तापलेला स्लॅब. हे सगळं विचारून, घरी येऊन टेप लावणारा माणूस मिळाला तर त्याने शे-दोनशे जास्त मागितले तरी द्या.

फिटिंगच्या दिवशी मात्र स्वतः घरी थांबा. पाइप जोडून झाले की आत अडकलेली हवा आणि ओल काढावी लागते. त्यासाठी व्हॅक्यूम पंप लागतो. पंप पंधरा-वीस मिनिटं चालवायचा, मग व्हॉल्व्ह बंद करून थोडा वेळ गेजकडे बघत बसायचं. काटा जागचा हलला नाही तर जोड पक्के आहेत. घाईतले लोक काय करतात, तर आउटडोअरचा व्हॉल्व्ह जरासा उघडून, आतल्याच गॅसने सूंऽऽ करून पाइपातली हवा बाहेर ढकलतात आणि नट आवळून मोकळे. आर-22 या जुन्या एसींमधल्या गॅसच्या जमान्यातली ही सवय आजही गेलेली नाही. ओल आत राहिली की ती कॉम्प्रेसरच्या ऑइलमध्ये मिसळते आणि त्याचं आयुष्य खाते. पहिल्या उन्हाळ्यात तुम्हाला काही कळणारही नाही. तेव्हा काम ठरवतानाच विचारा, "व्हॅक्यूम पंप आणाल ना?" पंप असलेला माणूस लगेच हो म्हणतो. "गरज नसते हो" असं उत्तर आलं तर दुसरा शोधा.

आता गॅसबद्दल, कारण लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथे. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. दरवर्षी "गॅस कमी झालाय, टॉप-अप करतो" म्हणणारा तुमच्याकडून वर्षासन घेतोय. प्रामाणिक मेकॅनिक आधी फिल्टर आणि कॉइल बघतो, कारण धुळीने कॉइल चोंदली तरी थंडावा कमी होतो आणि गेजवर प्रेशर कमी दिसतं. मग तो जोडांना साबणाचं पाणी लावतो, गळती नक्की करायची तर नायट्रोजन भरून तपासतो, लीक बुजवतो, पुन्हा व्हॅक्यूम करतो आणि मग वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून गॅस भरतो. किती ग्रॅम भरायचा ते आउटडोअरच्या पट्टीवर छापलेलं असतं. तो आकडा त्याला तुमच्यासमोर वाचून दाखवायला सांगा. हल्लीच्या बऱ्याच मशीनमध्ये आर-32 नावाचा गॅस असतो आणि तो पेट घेऊ शकतो. त्यामुळे गॅस न काढता पाइपावर जोडकामाची पेटती टॉर्च (ज्योत) धरणाऱ्याला तिथेच थांबवा.

बाकीचं थोडक्यात. दर लेखी घ्या, विशेषतः जादा कॉपर पाइपचा मीटरमागचा भाव, स्टँड आणि भिंतीचं ड्रिलिंग, कारण बिल फुगतं ते इथेच. एसीला स्वतंत्र लाइन, एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवं. पीसीबी, म्हणजे एसीचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, बदलला असं सांगितलं तर जुना बोर्ड परत मागा. कस्टमर केअरचा नंबर वॉरंटी कार्डावरूनच घ्या. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या नंबरांत खोटे पुष्कळ असतात. आणि शक्य असेल तर काम फेब्रुवारीत उरका. एप्रिल-मेमध्ये चांगला मेकॅनिकही एका घरातून दुसऱ्या घरी पळत असतो, मग व्हॅक्यूमची वीस मिनिटं सगळ्यात आधी कापली जातात.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. तुमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे. आउटडोअर बसवायला जो ठेकेदार पोराला बेल्ट-दोराशिवाय खिडकीबाहेर उतरवतो, त्याला काम देऊ नका, दर कितीही कमी असो. आउटडोअर गच्चीत किंवा बाल्कनीत ठेवता येत असेल तर पाइप थोडा लांबला तरी तिथेच ठेवा. पुढे दर सर्विसिंगला कोणाला तरी तिथपर्यंत पोचायचंच आहे.