ताऱ्यांना नावं ठेवून पोट भरतं का?

प्रश्न : मुलगी बीएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत ‘सबड्वार्फ ताऱ्यांचं वर्गीकरण’ हा प्रोजेक्ट करायचा म्हणते. घरचे विचारतात, ताऱ्यांना नावं ठेवून पोट भरतं का? – एक आई, सांगली

ताई, घरच्यांचा शब्द नेमका आहे. या ताऱ्यांना नाव खरंच फसवं पडलंय. जेरार्ड कायपर यांनी १९३९ मध्ये ‘सबड्वार्फ’, म्हणजे ‘बटूच्याही खालचे’ म्हटलं, ते आकार बघून नव्हे. सूर्यासारखे तारे तेज आणि तापमानाच्या आलेखात ज्या मुख्य पट्ट्यात बसतात, त्याच्या खाली हे दिसतात, म्हणून. त्यातले थंड तारे जुने, लोहासारखी जड मूलद्रव्यं कमी असलेले. पावणेतेरा प्रकाशवर्षांच्या आसपास असलेला काप्टेनचा तारा त्यातलाच. उष्ण सबड्वार्फ मात्र वेगळ्याच घरातले : वस्तुमान सूर्याच्या निम्मं, तापमान २० हजार केल्व्हिनच्या वर, उतारवयात बाहेरचं हायड्रोजनचं आवरण गमावून बसलेले. आडनाव एक, नातं काही नाही.

ओळखायचे कसे? थंड, म्हणजे तांबड्या सबड्वार्फच्या वर्णपटात (प्रकाश रंगांनुसार सुटा करून काढलेल्या आलेखात) ६८०० ते ७१५० अँगस्ट्रॉम या तरंगलांबीच्या, म्हणजे तांबड्या भागात दोन खुणा, दोन खड्डे बघतात, कॅल्शियम हायड्राइड आणि टायटॅनियम ऑक्साइड. धातू कमी असले की टायटॅनियमचा खड्डा उथळ होत जातो, कॅल्शियमचा मात्र ठळक राहतो. या दोघांच्या प्रमाणावरून एसडी (साधे सबड्वार्फ), ईएसडी (एक्स्ट्रीम), यूएसडी (अल्ट्रा) अशा धातू कमी कमी होत जाणाऱ्या पायऱ्या ठरतात. तिसरी पायरी तर २००७ मधली. म्हणजे वर्गीकरण अजून चालू असलेलं काम आहे.

आता पोटाचं. एमएस्सी, मग नेट किंवा जेस्ट ही पीएचडीच्या प्रवेशासाठीची परीक्षा, मग पाचेक वर्षं पीएचडी. जेआरएफला, म्हणजे पीएचडीच्या सुरुवातीच्या शिष्यवृत्तीत, महिना ३७ हजार अधिक घरभाडं मिळतं. त्यानंतर पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधन-नोकऱ्यांची भटकंती, आणि कायम नोकऱ्या मोजक्या. हे मी गोड करून सांगणार नाही. पण वर्णपट हाताळताना पायथॉन ही संगणकाची भाषा आणि डेटा अंगवळणी पडतो, तो बँकेपासून कारखान्यापर्यंत कुठेही विकला जातो.

फी भरून कुठलाही ‘अ‍ॅस्ट्रो कोर्स’ आत्ता नको. स्लोन या मोठ्या आकाश-सर्वेक्षणाचे वर्णपट इंटरनेटवर फुकट आहेत. तिला दहा उतरवून घेऊ दे, खड्डे स्वतः मोजू दे, संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या वर्गाशी ताडून बघू दे. पहिले दोन चुकतीलच. दहाव्या वर्णपटालाही जेवायच्या हाकेला ‘आई, पाच मिनिटं’ असं उत्तर आलं, तर मला पुन्हा लिहा. जेस्टच्या तयारीचं तेव्हा बोलू.