शिली-शॅली म्हणजे आपलं तळ्यात-मळ्यात

प्रश्न : सर, मुलीच्या इंग्रजीच्या पुस्तकात 'शिली-शॅली' आलंय, गाईडमध्ये अर्थ 'चालढकल' दिलाय, पण हा शब्द आला कुठून? असे अजून आहेत का? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, मस्त प्रश्न! 'शॅल आय?' म्हणजे 'करू का?', तेच दोनदा म्हणता म्हणता पहिल्याचं 'शिल' झालं, १७०० सालच्या विल्यम काँग्रीव्हच्या नाटकात 'शिल आय, शॅल आय' असं सुटंसुटंच येतं, जोडशब्द नंतर झाला. 'चालढकल' मला नाही पटत बरं का, चालढकल करणाऱ्याला काम टाळायचं असतं, इथं मनच ठरत नाही, म्हणजे हळदीच्या सौद्यात भाव बघून 'विकू का थांबू, विकू का थांबू' चाललेलं असतं ना, अगदी तसं. तळ्यात-मळ्यात एकदम फिट बसतं, मुलीला तेच सांगा, लगेच कळेल.

'हेम अँड हॉ' आवाजावरून आलाय, बोलायचं जिवावर आलं की माणूस घसा खाकरतो, अं-अं करतो तो. आणि 'विली-निली'मधलं 'निल' म्हणजे जुन्या इंग्रजीत इच्छा नसणं, म्हणून मूळ अर्थ 'मनात असो वा नसो'. हल्ली मात्र 'कसंही, वाट्टेल तसं' म्हणूनही वापरतात.