विचर ३ की एल्डन रिंग, आधी कोणता व्हिडिओ गेम घेऊ?
आधी विचर ३ घे, भावा. तू लिहिलंयस की रात्री जेवणानंतर तासभरच मिळतो आणि डार्क फँटसी, म्हणजे राक्षस-जादूच्या काळोख्या जगातला गेम, पहिल्यांदाच खेळणार आहेस. २०१५ चा हा गेम गोष्टीवर चालतो. त्यातल्या वेलेन नावाच्या प्रांतातलं, ब्लडी बॅरन या सरदाराचं प्रकरण मी एप्रिलमध्ये खेळलो. सोलापूरचा उकाडा, पंखासुद्धा गरम वारा फेकत होता, तरी पहाटेपर्यंत जागचं उठवलं नाही. बायकोला मारहाण करणारा तो बॅरन. त्याचा राग धरावा की कीव करावी, ठरेना. अवघडपणाची पातळीही आपल्याला निवडता येते.

२०२२ च्या एल्डन रिंगमध्ये ती सोय नाही, आणि गोष्ट गेममध्ये सापडणाऱ्या वस्तूंच्या वर्णनांत विखुरलेली. सुरुवातीलाच सोनेरी चिलखतातला घोडेस्वार दिसेल. लगेच भिडू नकोस, वळसा घालून जा. लढाईची खरी मजा मात्र एल्डन रिंगमध्येच.