सूज नसताना हत्तीरोगाच्या गोळ्या का घ्यायच्या?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: अंगावर कुठेही सूज नसताना सामूहिक मोहिमेतील हत्तीरोगाच्या गोळ्या का घ्यायच्या, आणि वडिलांचा अनेक वर्षांपासून सुजलेला पाय त्याच गोळ्यांनी उतरेल का.

प्रयोगशाळेत असताना मी रात्री घेतलेले रक्ताचे नमुने बरीच वर्षे तपासले. ते रात्री घ्यावे लागतात, कारण बहुतेक प्रदेशांत हत्तीरोग घडवणाऱ्या, डासांमार्फत पसरणाऱ्या कृमीच्या सूक्ष्म अळ्या दिवसा फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि डास चावण्याच्या वेळी, मध्यरात्रीच्या सुमारास, त्वचेजवळच्या रक्तात येतात. ताज्या थेंबात आधी अळी दिसत नाही, तिच्या वळवळीने बाजूला सरणाऱ्या तांबड्या पेशी दिसतात. रक्तात अशा अळ्या निघालेली बहुतेक माणसे धडधाकट असत. उलट पाय सुजलेल्या रुग्णाच्या रक्तात पुष्कळदा एकही अळी सापडत नसे. म्हणजे डासाला अळ्या मिळतात त्या बहुधा निरोगी दिसणाऱ्यांकडून, आणि म्हणूनच गोळ्या सर्वांना देतात. प्रौढ कृमी लसीकावाहिन्यांत (शरीरातील जादा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत) साधारण 6 ते 8 वर्षे जगतात आणि गोळ्यांचा मुख्य मारा अळ्यांवर असतो, त्यामुळे एकदा गोळ्या घेऊन भागत नाही. वर्षातून एकदा याप्रमाणे निदान पाच वर्षे मोहीम चालवावी लागते. गोळ्या घेतल्यावर थोडा ताप किंवा डोकेदुखी झाली, तर अनेकदा ती अळ्या मरत असल्याची खूण असते; घाबरू नये.

वडिलांच्या पायाबद्दल मात्र स्पष्टच सांगतो. लसीकावाहिन्या एकदा निकामी झाल्या की गोळ्या त्या पूर्ववत करत नाहीत. पाय वाढत जातो तो बहुतांशी बोटांच्या बेचक्यांतील भेगांतून आत शिरणाऱ्या जिवाणूंमुळे, थंडी-ताप येऊन पाय लाल होण्याच्या प्रत्येक झटक्यागणिक. म्हणून रोज साबण आणि स्वच्छ पाण्याने पाय हळुवार धुणे, प्रत्येक बेचके मऊ कापडाने टिपून पूर्ण कोरडे करणे, भेगांना मलम लावणे, बसताना-झोपताना पाय उंच ठेवणे आणि घोटा हलवत राहणे, हाच त्यांचा खरा उपचार आहे. हे काम क्षुल्लक वाटते, पण नेमाने केले की झटके कमी होतात, हे मी पाहिले आहे. त्यांना अंडवृद्धी (वृषणाभोवती पाणी साचून येणारी सूज) असेल, तर ती शस्त्रक्रियेने बरी होऊ शकते. संकोचापायी ती लपवू देऊ नका.

एक कळकळीची विनंती, गोळ्या स्वतःच्या मनाने विकत घेऊन खाऊ नका. काळ्या माशीमुळे होणाऱ्या नदीअंधत्वाच्या रुग्णाला डीईसी हे हत्तीरोगावरचे औषध दिल्यास डोळ्यांना गंभीर इजा होऊ शकते, आणि मध्य आफ्रिकेत आढळणाऱ्या लोआ लोआ कृमीच्या अळ्या रक्तात फार असतील, तर आयव्हरमेक्टिन या दुसऱ्या कृमिनाशक औषधाने मेंदूवर प्राणघातक परिणाम होऊ शकतो. कोणत्या प्रदेशात कोणते औषध द्यायचे, हे त्यामुळेच वेगवेगळे ठरलेले आहे. गरोदर स्त्रिया, दोन वर्षांखालील मुले आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना मोहिमेत डीईसी देत नाहीत. वडिलांना सध्या ताप असेल किंवा पाय लाल आणि गरम लागत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा, गोळ्या त्यानंतर.