विंडोज ठेवून लिनक्स मिंट टाकताना डिस्कची वाटणी
आधी बॅकअप घ्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू राहिलं तर विंडोज पूर्ण बंद होतच नाही, आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. जागा मोकळी करायची ती विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून.

मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये 'समथिंग एल्स', म्हणजे वाटणी स्वतः करायचा पर्याय, निवडा. तिथे फॅट३२ चं एक छोटं, बहुधा १०० एमबीचं ईएफआय पार्टिशन (सिस्टीम सुरू करणाऱ्या फायलींसाठी डिस्कवरचा वेगळा भाग) आधीच दिसेल. तेच वापरा, पण फॉरमॅटच्या चौकटीत खूण करू नका. ते पुसलं की विंडोजचा बूटलोडर गेला. सगळा डेटा जागेवर असूनही विंडोज सुरू होणार नाही. मदतीसाठी रडारड बहुतेक याच चुकीनंतर होते.

रूट, म्हणजे मिंटचं मुख्य पार्टिशन, ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टीममध्ये ठेवा, किमान ४०-५० जीबी. २० जीबीत इन्स्टॉल होतं खरं, पण पुढे फ्लॅटपॅक प्रकारची अ‍ॅप्स आणि टाइमशिफ्टने घेतलेले सिस्टीमचे स्नॅपशॉट ती जागा खाऊन टाकतात. रूट पूर्ण भरलं तर अपडेट अर्धवट अडकतात, कधीकधी लॉगिनही होत नाही.

होम, म्हणजे तुमच्या स्वतःच्या फायलींची जागा, वेगळं ठेवलं तर सिस्टीम पुन्हा टाकताना फायली वाचतात. मात्र एकूण जागा १०० जीबीपेक्षा कमी असेल तर त्या भानगडीत पडू नका. एकीकडे टंचाई, दुसरीकडे जागा पडून, असं होतं.

स्वॅप म्हणजे रॅम कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा. त्याचं पार्टिशन नसेल तर मिंट स्वॅप फाइल बनवतं. हायबरनेट (चालू काम डिस्कवर साठवून संगणक बंद करणं) हवं असेल तरच रॅमइतकं किंवा थोडं जास्त स्वॅप पार्टिशन वेगळं करा.